दुसरी हाक

घाटघरच्या डब्याचं नाव निघालं की माझं डोकं उठायचं. जिथं मोबाईलला रेंजची एक काडी येत नाही अशा डोंगरातल्या गावांना आमच्या पुण्याच्या कंपनीनं फोनचे डबे बसवून दिलेत. छपरावर सोलर आणि अँटेना, खाली भिंतीवर एक लोखंडी डबा, आणि त्याला जोडलेला साधा फोन. सगळे डबे एका साच्यातले, सगळ्यांत एकच प्रोग्राम. पण बाकीचे डबे गुण्यागोविंदानं नांदतात आणि घाटघरचा तेवढा अधूनमधून मुका होतो. बिघडत नाही बरं का. दिवा लुकलुकत असतो, अँटेना ठीक असते, फक्त फोन येत नाही की जात नाही. मग हौशीराम, ज्याच्याकडे तिथल्या पंचायतीच्या खोलीची किल्ली असते, तो बटण दाबून डबा रीस्टार्ट करतो. डबा पुन्हा बोलायला लागतो. आणि पुण्यात एसीत बसलेला आमचा रुपेश, म्हणजे माझा साहेब, मला मेसेज टाकतो, 'कल्याणीताई, घाटघर पुन्हा.'

मी राहते कळंबला, आईवडिलांजवळ. चिप आणि प्रोसेसर यांना एकमेकांशी बोलायला लावणारा जो प्रोग्राम असतो, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, तो लिहायचं माझं काम. घरी बसून करते. माझी आई द्रौपदा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते की आमची पोरगी ड्रायव्हर करते, आणि लोक माझ्याकडं बघून पुढं काही विचारत नाहीत.

घाटघरचा ड्रायव्हर मी लिहिलेला नव्हता. लिहिणारा केव्हाच कंपनी सोडून गेला. तसलाच एक डबा मी माझ्या टेबलावर मांडून ठेवला होता, त्याला येता-जाता फोन करत होते, आणि तो एकदासुद्धा मुका झाला नव्हता. टेबलावर सगळेच शहाणे असतात. खरा प्रकार पाहायचा तर मुका झालेला डबा तसाच्या तसा हाती लागायला हवा, आणि माझ्यापर्यंत बातमी यायच्या आत हौशीरामनं बटण दाबलेलं असायचं. रीस्टार्ट केलं की आतलं सगळं पुसलं जातं. पंचनामा व्हायच्या आधीच जागा धुऊन काढल्यासारखं.

या वेळी रुपेशचा मेसेज नाही आला, फोन आला.

"ताई, हौशीराम चावंडपर्यंत खाली आला होता, रेंज पकडायला. म्हणतो बटण दाबू देत नाहीत."

"कोण दाबू देत नाही?"

"कोणी एक बाई आहे. परवापासून डब्याखाली बसलीय म्हणे. हात लावाल तर याद राखा म्हणते."

"का?"

रुपेश जरा हसला. "म्हणते, माझी हाक आत अडकलीय."

मलाही हसू आलं. पण मग माझ्या लक्षात आलं की मुका झालेला डबा पहिल्यांदाच कोणीतरी राखून ठेवलाय. मी लॅपटॉप पाठीला लावला, आईनं बांधून दिलेली भाकरी डिकीत टाकली आणि स्कूटर काढली.

भादवा सरत आला होता. जुन्नर सोडून आपटाळ्याच्या पुढं गेलं की रस्ता हळूहळू बोलायचा थांबतो. दोन्ही बाजूंना भात ओंबीवर आलेला, बांधाबांधावर सोनकी फुललेली, आणि त्या पिवळ्यावर ढग खाली उतरून बसलेले. मी ढगात शिरले आणि नंतर कुठं चाललेय याचा मला नीट पत्ता राहिला नाही. मधेच एखादं झाड यायचं, मधेच गुरांची घंटा वाजायची, गुरं दिसायची नाहीत. जीवधनचा किल्ला डाव्या हाताला असणार हे ठाऊक होतं, पण तिथं नुसतं पांढरं होतं. एरवी मी गाडीवर सारखी कुणाला ना कुणाला शिव्या देत असते. त्या रस्त्यावर द्यायला कोणी नव्हतं. गाडीचा आवाजसुद्धा दुसऱ्याच कुणाच्या तरी गाडीचा वाटत होता.

घाटघरला पोचले तेव्हा दुपार कलली होती. पंचायतीच्या खोलीला पुढं एक पडवी आहे. तिथं भिंतीवर डबा, डब्याशेजारी फळीवर फोन, आणि फोनच्या बरोबर खाली भिंतीला टेकून, घोंगडी लपेटून एक म्हातारी बसलेली. हौशीराम पायरीवर उभा होता.

"आलात का म्याडम. आता तुमीच सांगा आमच्या सखूबाईला. मी हात टेकले."

सखूबाईनं मला खालून वर सावकाश पाहिलं. "पोरी, तू बटन दाबाया आलीस का?"

"नाही मावशी. बघायला आलेय."

"मंग बस."

डब्याचं झाकण उघडून मी लॅपटॉपची वायर आत जोडली. आतला प्रोसेसर चांगला जागा होता. घड्याळ चालू होतं. आल्या-गेल्या फोनची नोंद डबा ठेवतो, नंबर नाही, नुसती वेळ, ती पाहिली. परवा संध्याकाळी एक फोन आला होता. वाजला, कोणी उचलला नाही, पलीकडून कापला गेला. त्यानंतर काहीच नव्हतं.

मग मी चिपची तार पाहिली. हे थोडं सांगायला लागेल. हवेतून निरोप आला की तो आधी चिपकडे येतो. चिप एक तार वर करते, वर्गात पोरगं हात वर करतं तसं. याला इंटरप्ट म्हणतात. प्रोसेसरनं हातातलं काम टाकून यायचं, निरोप घ्यायचा, आणि निरोप घेतला गेला की चिप हात खाली करते. साधा व्यवहार आहे. इथं काय होतं, तर हात वर होता. परवापासून वर होता. आणि प्रोसेसर शेजारी निवांत बसलेला, वर्गात कोणी नाहीच अशा थाटात.

"मावशी, आत खरंच काहीतरी आहे," माझ्या तोंडून निघून गेलं.

हौशीराम पायरी चढून वर आला. सखूबाईला काही नवल वाटलं नाही.

"मी कवाधरनं सांगतीय त्याला," ती म्हणाली.

"परवा नक्की काय झालं?"

"वाजला. एकदा. मंग गप झाला."

"तुम्ही कुठं होतात?"

"हितंच. मी रोज येते दिवस मावळताना."

"मग उचलला का नाही?"

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी विचारायचं नाही ते विचारलंय. उत्तर हौशीरामनं दिलं. "दिवस कलला की पहिल्या हाकंला ओ देत न्हाईत म्याडम आमच्याकडं. हितं घाट हाय, दरी हाय. कोन बी हाक मारतं. मानूस आसंल तर त्यो दुसऱ्यांदा मारतो. दुसरं काय आसंल तर त्ये एकदाच मारतं."

"अहो पण हा फोन आहे."

"फोन बी हाकच की."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. आमच्या घरात या गोष्टींना थारा नाही. आजोबांनी, भिमाजींनी, दीक्षा घेऊन आल्यावर देव्हारा उचलून घोडनदीत सोडला आणि भुताखेतांना पण त्याच दिवशी रजा दिली. कळंबच्या आमच्या आळीत संध्याकाळी कोणी हाक मारली तर चार घरांतून ओ येते. मी म्हणाले, "काय राव तुम्ही पण. फोनच्या तारेतून भूत येतं का?"

"तार न्हाई ना याला," हौशीराम शांतपणे म्हणाला, "हवेतनं येतं."

यावर मी आणखी चिडले. चिडले की माझा आवाज चढतो, आणि चढलेला आवाज त्या पडवीत फार वाईट वाटला. ढग पायरीपर्यंत आला होता. सखूबाई खाली मान घालून घोंगडीची दशी बोटाला गुंडाळत होती.

"कुणाचा फोन येणार होता, मावशी?" मी आवाज खाली आणून विचारलं.

"ग्यानूचा. ज्ञानेश्वर, माझा ल्योक."

"तोच होता हे तुम्हाला कसं कळलं?"

"कळलं न्हाई. म्हनून तर बसलीय."

मग तिनं सांगितलं. फार हळू सांगत होती, मधेच थांबायची, आणि थांबली की हौशीराम पुढचं वाक्य जोडून द्यायचा नाही, वाट बघायचा. बरीच वर्षं झाली, तिचा नवरा तापानं फणफणला होता. ग्यानू जीप आणायला अंधारात चालत खाली गेला. जीप मिळाली, पण येताना वाटेत ओढ्याच्या चिखलात रुतली. जुन्नरला पोचायच्या आधीच म्हातारा गेला.

"मी म्हनलं त्याला, तुझ्यापायी गेला. समद्या गावाम्होरं म्हनलं. त्यो काय सुदीक बोलला न्हाई. दहावं झालं आन् गेला. तिकडं गुजरातेत हाय म्हनत्यात. येत न्हाई. त्याचं काय चुकलं व्हतं पोरी? चिखल का त्यानं केला व्हता?"

"हा फोन बसला तसा मी नंबर धाडला व्हता त्याला, वळखीच्या मानसाजवळ," हौशीराम म्हणाला. "तवापास्नं ही रोज येती."

"एकदाच वाजला आसंल," सखूबाई म्हणाली, "तर त्यो न्हवता. दुसरंच कायतरी व्हतं, न्हाईतर कुनाचातरी चुकून आला आसंल. मी घरी जाईन. पन त्यानं दुसऱ्यांदा हाक मारली आसंल आन् ती या डब्यात राहिली आसंल, तर मंग त्याला वाटंल, आयनं दुसऱ्या हाकंला बी ओ दिली न्हाई."

माझा राग कुठं गेला मला कळलं नाही. ढगातून कुणीतरी गुरं हाकत चाललं होतं, आणि ते आवाज इतके जवळून येत होते की माणूस हातभर अंतरावर असेल असं वाटावं, पण कोणी दिसेना.

"मावशी, मी खोटं सांगणार नाही. आत एक निरोप आहे एवढं मला दिसतंय. तो कुणाचा आहे ते दिसत नाही. चिपच्या पोटात डोकावून बघता येत नाही. तिची हाक ऐकली तरच ती तोंड उघडणार."

"मंग ऐक की."

"तेच तर जमत नाहीये."

आणि डब्याच्या बॅटरीचा दिवा तांबडा झालेला. ती विजेवरही भरते, पण गावात काल रात्रीपासून वीज नव्हती, सूर्य तर कोण जाणे कधीपासून नव्हता. बॅटरी संपली की डबा बंद, आणि डबा बंद म्हणजे आतलं पुसलं. स्कूटरची बॅटरी काढून जोडावी असं एकदा मनात आलं. पण जोडताना वायरीला एक झटका बसला असता तरी डबा रीस्टार्ट झाला असता. मी तो विचार सोडला.

मी ड्रायव्हर वाचायला घेतला. एक गोष्ट लगेच सापडली. लिहिणाऱ्यानं प्रोसेसरला सांगून ठेवलं होतं की हात वर जाताना दिसला तरच ये. वर गेलेला हात बघायचा नाही, वर जाताना बघायचा. म्हणजे मास्तर फळ्याकडं तोंड करून असताना पोरानं हात वर केला तर संपलं. पोरगं हात वर धरून बसणार, मास्तर हात वर जायची वाट बघत बसणार, आणि दोघांचंही काही चुकलेलं नसणार. पण मास्तर फळ्याकडं वळतो कधी? निरोप घ्यायला आला की हा ड्रायव्हर चिपचं पोट पूर्ण रिकामं करूनच जातो. मधे काही निसटायला जागाच नव्हती. मी तीच तीच ओळ वाचत राहिले. भिंत गार होती, घोंगडीला धुराचा वास होता, आणि बोटं कीबोर्डवर असतानाच माझा डोळा लागला.

मला दिसली ती दरी. तिच्यात हाका उभ्या होत्या, गुरं उभी राहतात तशा, ढगात पोटापर्यंत बुडालेल्या. कुणीतरी मारलेल्या आणि कुणी ओ न दिलेल्या. कुठली घाई नव्हती त्यांना. मी त्यांच्यामधून चालत होते आणि एकीच्याही अंगाला हात लावायला मला धीर होत नव्हता, कारण लावला असता तर ती माझी झाली असती. लांबून कुणीतरी माझं नाव घेत होतं. मला वाटलं, थांबावं. पुन्हा मारली तर बघू.

"म्याडम. ओ म्याडम. च्या."

हौशीराम कप घेऊन उभा होता. "दुसऱ्यांदा हाक मारली तवा उठला. पहिलीला पार डुलकी लागली व्हती तुमास्नी."

मी चहा घेतला. तोंडाला लावला, आणि तसाच धरून बसले.

डबा पण डुलकी घेतो. बॅटरी वाचावी म्हणून त्याला तसं शिकवलेलं आहे. फोन कापला गेला की डबा लगेच पेंगायला लागतो, आणि पेंगायला लागल्यापासून नीट झोपेपर्यंत एक बारीकसा वेळ असा असतो की त्याचे कान बंद असतात. मास्तर फळ्याकडं वळतो तो तेव्हा. त्यात कोणी हात वर केला तर जाग आल्यावर त्याला वर जाणारा हात दिसणारच नाही, कारण तो आधीच वर असतो. पण एक फोन कापल्या-कापल्या कोण दुसरा फोन करतं? मी माझ्या टेबलावर कधी केला नव्हता. कुठल्याच गावात कोणी करत नाही.

"हौशीरामभाऊ, बाहेरगावी गेलेली तुमची पोरं इथं फोन करतात तो कसा करतात?"

"कसा म्हंजी? एकदा वाजवत्यात, कापत्यात, लगीच दुसऱ्यांदा लावत्यात. त्यांनला ठावं हाय, पहिला कुनी उचलत न्हाई."

"सगळे?"

"घाटघरचं असंल त्यो आसाच करनार."

मी कप खाली ठेवला. बाकीच्या गावांत माणसं पहिल्या रिंगला फोन उचलतात म्हणून बाकीचे डबे शहाणे ठरले होते. घाटघरची माणसं एकदा वाजवून, कापून, लगेच पुन्हा वाजवत होती, आणि अधूनमधून एखादी दुसरी हाक बरोबर डब्याच्या पेंगेत सापडत होती. मग डबा मुका. मग रीस्टार्ट, आणि ती हाक पुसून जायची. अशा किती पुसल्या असतील कुणास ठाऊक. ही एक तेवढी राहिली होती, कारण एक बाई तिच्याखाली बसून राहिली होती.

रुपेशला हे कळलं असतं तर त्यानं सरळ एक बोर्ड छापून पाठवला असता, फोन पहिल्या रिंगला उचलावा म्हणून. मघाशी मीही तेच म्हटलं असतं. आता मला ते म्हणवेना. माणसं आपल्या रीतीनं हाक मारत होती आणि आपल्या रीतीनं ओ देत होती. झोपाळू डबा होता.

करायचं होतं ते एवढंसंच होतं. वर जाणारा हात बघू नकोस, वर असलेला हात बघ, एवढं एका जागी लिहायचं. एरवी मी ड्रायव्हर बदलून डबा नव्यानं चालू केला असता. इथं तसं करायची सोय नव्हती. जागत्या डब्याच्या आत हात घालून ती एक खूण बदलायची होती, आणि हात चुकून शेजारच्या जागी पडला तर डबा तिथंच बंद पडणार होता. मी सखूबाईला ते सांगितलं, जसं आहे तसं.

"न्हाई केलं तर?"

"बॅटरी संपेल. मग काहीच राहणार नाही."

"मंग कर."

दिवस मावळत होता. तो दिसत नव्हता, पण पांढऱ्या ढगाचा रंग आधी तांबूस झाला, मग राखाडी. मी ती ओळ लिहिली. पुन्हा वाचली. आकडा उलटून-सुलटून पाहिला. माझं देवाशी काही देणंघेणं नाही, म्हणून मी नुसता श्वास घेतला आणि एंटर दाबलं.

फोन वाजला.

त्या पडवीत तो आवाज केवढा मोठा झाला. आम्ही तिघंही जागचे हललो नाही. हौशीराम माझ्याकडं बघत होता आणि सखूबाई फोनकडं. ती उठली होती. कधी उठली ते मी पाहिलं नाही. तिचा हात फोनवर होता, पण उचलत नव्हता.

"पोरी," ती म्हणाली, "ही पहिली का दुसरी?"

"दुसरी, मावशी. पहिली परवाच होऊन गेली."

तिनं उचलला.

"ग्यानू?"

पलीकडून काही आलं नाही. येणार नव्हतंच. हाक परवाची होती, ती मारून माणूस केव्हाच निघून गेला होता. मी तिला हे आधी सांगायला हवं होतं. आता सांगितलं. तिनं फोन खाली ठेवला नाही. कानाला लावून ती ते रिकामं ऐकत राहिली, जणू त्यात काहीतरी असेलच.

"असू दे," ती म्हणाली. "मारली व्हती ना पन. दुसरी."

मग तिला रडू आलं, आणि ते तिनं लपवलं नाही.

फोनच्या छोट्या पडद्यावर नंबर आला होता. हौशीरामनं डोळे बारीक करून तो वाचला, म्हणाला की ओळखीचा नाही. मी तोच नंबर परत लावून रिसीव्हर सखूबाईच्या हातात दिला. पलीकडं रिंग जात होती, मला पण ऐकू येत होती. जात राहिली. जात राहिली आणि आपोआप बंद झाली.

परवाची गोष्ट, इतक्या वर्षांचा राग, कोण कशाला उचलेल. मला वाटलं, आपण काय आणून दिलं हिला, एक नंबर आणि वर पुन्हा एकदा तोच घाव. सखूबाईनं पदरानं तोंड पुसलं. ती मुळीच खचली नव्हती.

"पुन्ना लाव."

"मावशी, उचलला नाही त्यानं."

"पहिल्यांदा कसा उचलंल? तिकडं बी दिवस मावळला आसंल की. घाटघरचाच हाय त्यो. लाव लगीच."

मी लावला. फोन नुकताच कापला गेला होता आणि डबा पेंगायला लागला होता. लॅपटॉपवर मला ते दिसत होतं, त्याचे कान मिटत चालले होते. त्याच वेळी पलीकडून रिंगची खूण आली आणि चिपनं हात वर केला. डबा क्षणभर गप्प राहिला. मग त्याला तो वर असलेला हात दिसला, आणि तो उठला.

एक रिंग गेली. दुसरी अर्ध्यावर तुटली.

"आये?" आवाज मोठ्या माणसाचा होता, पण घाबरलेला.

सखूबाईनं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"ओ," ती म्हणाली. "ओ रं बाळा. हाय मी हितंच."